काठीचा तोल

जी वस्तू हातात धरून चालवावयाची, तिच्या निवडीत वजनाइतकेच तोलाला महत्त्व असते, ही गोष्ट आमच्या मराठवाड्यातील शेतकऱ्यास किंवा गृहिणीस कोणी शिकवावी लागत नाही. निलंग्याच्या काळ्या रानातून कडब्याची गाडी भरून आणणारा मनुष्य ओझे किती याचा विचार करतोच. परंतु ते आसाच्या पुढे किती आणि मागे किती, याचा विचार अधिक करतो. मागे भार अधिक झाला तर गाडी उलाळते व जू बैलांच्या मानेवरून उचलले जाते. पुढे अधिक झाला तर तेच जू बैलांच्या मानेवर बसते. मग तो दोन पेंढ्या पुढच्या मागे किंवा मागच्या पुढे सरकवतो, किंवा स्वतःच हातभर पुढे सरकून बसतो. ओझे तेवढेच राहते, पण गाडी निराळी होते. मुसळाच्या टोकास लोखंडी वसवी बसविली म्हणजे त्याचा भार खाली उतरतो व कांडणाराचे श्रम हलके होतात, हेही आमच्या घरोघरी ठाऊक होते. वजन म्हणजे वस्तू किती जड आहे ते; तोल म्हणजे तो जडपणा कोठे आहे ते. या दोहोंमधील भेद ध्यानात ठेवून आज आम्ही वाचकांपुढे एका परक्या वाटणाऱ्या काठीचा इतिहास मांडणार आहोत.

ही काठी म्हणजे बिलियर्ड, स्नूकर व पूल या खेळांतील ‘क्यू’ होय. लातुरास किंवा पुण्यास शिकावयास राहिलेल्या तरुणांस हा खेळ आता अपरिचित राहिलेला नाही. पूलचे टेबल नऊ फूट लांब व साडेचार फूट रुंद, किंबहुना त्याहूनही लहान असते. बिलियर्डच्या बारा फुटी टेबलास लागणारे दालन त्यास लागत नाही. त्यामुळे जो खेळ पूर्वी राजवाड्यांत व साहेबांच्या क्लबांत कोंडलेला होता तो आता बाजारपेठेच्या माडीवर येऊन पोहोचला आहे. सुट्टीत घरी आलेला मुलगा स्वतःचा क्यू घेऊन मागतो, आणि तोही साधा नव्हे, तर ज्याच्या बुंध्यातील वजने काढघाल करून किंवा पुढेमागे सरकवून तोल बदलता येतो असा. त्याची किंमत ऐकून वडील मंडळी साहजिकच विचारतात की, काठीला इतके पैसे कशासाठी? हा प्रश्न उडवून लावण्यासारखा नाही, आणि मुलाची मागणीही केवळ हौस म्हणून झिडकारण्यासारखी नाही. त्या काठीला हे रूप कोणत्या गरजांमधून आले हे पाहिले म्हणजे दोघांसही उत्तर देता येईल, असे आम्हांस वाटते.

युरोपात हा खेळ हिरवळीवरून टेबलावर आला तेव्हा खेळाडूंच्या हाती आजच्यासारखी काठी नव्हती. पुढे रुंद, चपटे लाकडी डोके आणि त्यास जोडलेला बारीक दांडा, असे ते साधन असे. इंग्रज लोक त्यास ‘मेस’ म्हणत. त्याने चेंडू ठोकावयाचा नसून ढकलावयाचा असे. परंतु चेंडू टेबलाच्या काठास चिकटून राहिला म्हणजे हे रुंद डोके त्याच्या मागे बसत नसे. अशा वेळी खेळाडू काठी उलटी करून दांड्याच्या शेपटीने चेंडूस टोला देत. शेपटीस फ्रेंच भाषेत जो शब्द आहे त्यापासूनच ‘क्यू’ हे नाव पडले. हळूहळू लोकांच्या ध्यानी आले की, नेम डोक्यापेक्षा शेपटीनेच अधिक चांगला साधतो. मग डोके गेले व शेपटी राहिली. टेबलावरील कापड फाटेल या भीतीने स्त्रियांच्या हाती मात्र पुढेही पुष्कळ दिवस जुनी मेसच देण्यात येत असे. साधन सुधारले तरी ते कोणी हाती घ्यावे हा निर्णय वेगळीच माणसे करीत असतात, याचे हे एक लहानसे उदाहरण आहे, आणि पुढे त्याचा आम्हांस पुन्हा उपयोग होणार आहे.

उघड्या लाकडी टोकाने टोला मारला तर ते चेंडूवरून घसरते. या अडचणीवर तोडगा काढण्याचे श्रेय फ्रान्सच्या सैन्यातील मँगो नावाच्या कप्तानाकडे जाते. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी त्याने काठीच्या टोकास चामड्याची टिकली बसविली. पुढे इंग्लंडात बाथ येथील जॅक कार याने त्या चामड्यास खडू लावून चेंडूस फिरकी देण्याचे कसब लोकांस दाखविले व खडूच्या पुड्या विकून पैसाही मिळविला, असे सांगतात. १८२६च्या सुमारास लंडनच्या थर्स्टन या कारखानदाराने लाकडी फळीच्या जागी दगडी पाटीचे टेबल करण्यास आरंभ केला, आणि पुढील वीस वर्षांत टेबलाच्या काठांस रबर आले. टेबल सपाट झाले, कडा जिवंत झाल्या, चेंडूस फिरकी मिळू लागली. तेव्हा कोठे आपला टोला किती बारीक व किती सरळ जातो याकडे खेळाडूचे लक्ष गेले. ज्या खेळात पूर्वी अर्ध्या बोटाची चूक झाकली जात होती, तेथे आता केसाएवढी चूकही दिसू लागली.

काठीच्या तोलाचा प्रश्न या टप्प्यावर उत्पन्न झाला. पुढचा भाग हलका, सरळ व चिवट पाहिजे. त्यासाठी इंग्रज कारागिरांनी अ‍ॅश व मेपल ही लाकडे पसंत केली. परंतु साऱ्या काठीस एकच हलके लाकूड वापरले तर मुठीत काही भरत नाही. म्हणून बुंध्याकडे आबनूस किंवा आपल्याकडील शिसवी यांसारखे जड लाकूड जोडण्यात येऊ लागले. हा जोड खिळ्याने करावयाचा नसून दोन्ही लाकडांस लांब, निमुळत्या पाचरी पाडून त्या एकमेकींत बसवावयाच्या व सरसाने घट्ट करावयाच्या असतात. चांगल्या क्यूच्या बुंध्यावर भाल्याच्या पात्यासारखी जी टोकदार नक्षी दिसते ती मुळात नक्षी नसून हा सांधाच होय. तात्पर्य, काळ्या लाकडाची लांबी चार बोटे कमीअधिक करणे, हाच त्या काळी तोल बदलण्याचा उपाय होता; आणि तो एकदाच, कारागिराच्या हातून होत असे. काठी तयार झाली की तिचा तोल कायमचा ठरला. पुढे ती ज्याच्या हाती पडेल त्याने आपला हात तिच्याशी जुळवून घ्यावयाचा.

हिंदुस्थानात हा खेळ पलटणींबरोबर आला. नागपूरकर भोसल्यांच्या अंमलातून १८१७ साली इंग्रजांच्या ताब्यात गेलेल्या जबलपुरास १८७५ साली नेव्हिल चेंबरलेन या तरुण लष्करी अधिकाऱ्याने जुन्या खेळात रंगीत चेंडूंची भर घालून स्नूकर हा नवा प्रकार काढला. लष्करी शाळेतील नवशिक्या विद्यार्थ्यास त्या काळी थट्टेने जे नाव देत, तेच या खेळास चिकटले. पुढे उटकमंडच्या क्लबात त्याचे नियम लिहून टांगण्यात आले. अशा रीतीने आज जगभर खेळला जाणारा हा खेळ हिंदुस्थानच्या भूमीवर जन्मास आला खरा; पण ज्या दालनात तो जन्मला त्याचे दार येथील माणसास खेळाडू म्हणून उघडे नव्हते.

निलंगा त्या वेळी निजामाच्या राज्यातील बीदर जिल्ह्यात मोडत असे. हैदराबादेस १८८४ साली बांधावयास घेतलेल्या फलकनुमा राजवाड्यात बिलियर्डचे खास दालन आहे. २०१० सालापासून त्या वाड्याचे हॉटेल झाले असून पाहुण्यांस ते टेबल पाहावयास मिळते. ज्या राज्याच्या राजधानीत असा थाट होता, त्याच राज्यातील आमच्या मराठी मुलखात हा खेळ म्हणजे सरदार-दरकदारांच्या ऐश्वर्याची ऐकीव गोष्ट होती. १९४८च्या सप्टेंबरात निजामी राजवट संपली. १९५६च्या राज्यपुनर्रचनेत निलंगा बीदरमधून निघून उस्मानाबाद जिल्ह्यात आले व १९८२ साली नव्या लातूर जिल्ह्यात समाविष्ट झाले. क्लबांच्या दारावरील पाट्या बदलल्या, पण बारा फुटी टेबल मोठ्या शहरांतच राहिले.

तथापि क्लबाच्या दालनात एक हिंदी माणूस नेहमी उभा असे, त्याचा उल्लेख केल्यावाचून हा इतिहास पुरा होणार नाही. त्यास ‘मार्कर’ म्हणत. गुण मांडणे, चेंडू लावणे, काठ्या पुसून घडवंचीत ठेवणे हे त्याचे काम; आणि एखाद्या सभासदास जोडीदार मिळाला नाही तर त्याच्याशी खेळणे, हेही त्याचेच काम. दिवसभर टेबलाशी उभे राहून यांपैकी कित्येक जण असे तयार होत की, साहेबांस शिकविण्याचे काम त्यांच्याकडे येई. मार्करची स्वतःची काठी नसे. घडवंचीतील जी काठी हाती येईल तिने, मग ती पुढे जड असो वा मागे, त्यास खेळावे लागे. त्यामुळे काठीचा तोल आपल्या सोईने बदलण्याऐवजी आपली मूठ व आपली उभे राहण्याची ढब काठीच्या तोलाप्रमाणे बदलण्याची विद्या त्यांच्या अंगी मुरली. ही विद्या गरिबीतून आली होती हे खरे, परंतु म्हणून ती हलकी ठरत नाही. तिचे मोल पुढे हिशेबाने दाखविता येते, ते आम्ही दाखवूच.

महाराष्ट्राचे या खेळातील पहिले मोठे नाव पुण्यात निर्माण झाले. विल्सन जोन्स यांचा जन्म २ मे १९२२ रोजी पुण्यास, एका अँग्लो-इंडियन कुटुंबात झाला. बिलियर्डचे राष्ट्रीय अजिंक्यपद त्यांनी १९५० साली प्रथम मिळविले व एकंदर बारा वेळा जिंकले. १९५८ साली कलकत्त्यास झालेल्या जागतिक हौशी स्पर्धेत ते विजयी झाले. कोणत्याही खेळात वैयक्तिक विश्वविजेतेपद मिळविणारे ते पहिले भारतीय होत. १९६४ साली न्यूझीलंडमध्ये त्यांनी तो मान पुन्हा मिळविला. त्यांच्यामागून मुंबईचे मायकेल फरेरा यांनी १९७७, १९८१ व १९८३ अशी तीन वेळा तीच स्पर्धा जिंकली; १९७८ साली राष्ट्रीय स्पर्धेत त्यांनी एका डावात १,१४९ गुण केले. एकाच उभारणीत हजारांहून अधिक गुण म्हणजे शेकडो टोले एकापाठोपाठ एक त्याच लयीत मारणे होय, हे ध्यानात घेतले म्हणजे हातातील काठी क्षणभरही परकी वाटून चालत नाही याची कल्पना येईल. १९८५ साली पुण्यात जन्मलेल्या व बंगळुरास वाढलेल्या पंकज अडवाणी यांनी बिलियर्ड व स्नूकर या दोन्ही खेळांत मिळून पंचविसाहून अधिक जागतिक किताब मिळविले आहेत.

इंग्रजी खेळाची काठी कारागिराच्या हातून एकदाच तोलली जात असता, अमेरिकेत पूलच्या काठीने निराळी वाट धरली. तेथे कारखान्यात मोठ्या संख्येने काठ्या होऊ लागल्या, आणि प्रत्येक गिऱ्हाइकासाठी निराळे लाकूड जोडणे परवडेना. म्हणून बुंध्यात पोकळी ठेवून तीत आटे पाडलेला लोखंडी खिळा बसविण्याची पद्धत रूढ झाली. शेवटचे रबरी बूच काढावे, किल्लीने खिळा सोडवावा, व हलका किंवा जड खिळा त्याच्या जागी घालावा. अलीकडच्या काही काठ्यांत अशी वजने एका दांडीवर पुढेमागे बसविण्याचीही सोय असते. पूलच्या आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे काठीचे वजन २५ औंसांहून, म्हणजे सुमारे ७०९ ग्रॅमांहून, अधिक असू नये व लांबी ४० इंचांहून कमी असू नये. या मर्यादेत वजन कोठे ठेवावे याविषयी खेळाडूस मोकळीक आहे. मार्करच्या काळी हात काठीशी जुळत असे. आता काठी हाताशी जुळवून घेण्यास तयार झाली आहे. हा फरक लहान नाही, व आम्ही त्याचे स्वागतच करतो. प्रश्न इतकाच की, या सोयीने नेमके किती साधते?

येथे थोडा हिशेब करू. शाळेत शिकविलेल्या तरफेच्या नियमाहून अधिक गणित त्यास लागत नाही. समजा, काठी १४७ सेंटिमीटर लांब व ५४० ग्रॅम वजनाची आहे, आणि बोटावर ती बुंध्यापासून ४६ सेंटिमीटरांवर समतोल राहते. हे आकडे पूलच्या सामान्य काठीचे आहेत. आता बुंध्याजवळ, टोकापासून ५ सेंटिमीटरांवर, ३० ग्रॅमांचा खिळा नव्याने घातला तर एकूण वजन ५७० ग्रॅम होईल व तोलाची जागा सुमारे ४४ सेंटिमीटरांवर येईल. म्हणजे येथे दोन गोष्टी एकदम बदलल्या: काठी जडही झाली व मागे जडही झाली. टोला बदललेला वाटला तर तो वजनाने की तोलाने, हे खेळाडूस सांगता येणार नाही. याउलट, मूळच्या ५४० ग्रॅमांतीलच ३० ग्रॅम वीस सेंटिमीटर मागे सरकविले तर वजन तेच राहून तोल एक सेंटिमीटराहून किंचित अधिक मागे जातो. गाडीवानाने पेंढी सरकविली ती या दुसऱ्या प्रकारची. तोल बदलता येणारा क्यू घेताना तो यांपैकी कोणत्या प्रकारचा आहे हे प्रथम विचारावे. दुकानदार दोहोंस एकच नाव देतात.

आता हा एक सेंटिमीटर हातास किती जाणवेल ते पाहू. खेळताना काठी दोन ठिकाणी पेललेली असते: मागे मुठीत व पुढे टेबलावर टेकलेल्या हातावर. मूठ बुंध्यापासून १५ सेंटिमीटरांवर व पुढचा हात १२२ सेंटिमीटरांवर आहे असे धरले, तर पुढच्या हातावर सुमारे १५६ ग्रॅम भार येतो. वजन वीस सेंटिमीटर मागे सरकविल्यावर तो सुमारे १५१ ग्रॅम होतो. म्हणजे फरक अवघा पाचसहा ग्रॅमांचा! आता वजनास मुळीच हात न लावता केवळ मूठ तीन बोटे, म्हणजे ५ सेंटिमीटर, मागे घ्या. पुढच्या हातावरील भार लगेच सुमारे १७४ ग्रॅमांवर जातो. फरक सतरा ग्रॅमांचा. किल्ली-खिळ्याच्या साऱ्या खटाटोपाने जितका तोल बदलतो त्याच्या तिप्पट तो मूठ तीन बोटे सरकविल्याने बदलतो. मार्करच्या विद्येचे मोल दाखवू असे जे आम्ही म्हटले, ते हे. त्याच्याजवळ तोल बदलण्याचे यंत्र नव्हते असे नाही. ते त्याच्या मनगटाखाली होते.

यावरून तोल बदलणारी काठी निरर्थक आहे असा निष्कर्ष मात्र कोणी काढू नये. पाचसहा ग्रॅम तराजूस क्षुल्लक, पण शेकडो वेळा तीच हालचाल करणाऱ्या सरावलेल्या हातास ते जाणवतात. सतारीची तार केसभर उतरली तरी वादकास कळते तसे. शिवाय सर्वांच्या भुजा सारख्या लांबीच्या नसतात. उंच मनुष्यास मूठ बुंध्याच्या अगदी टोकाशी न्यावी लागते व तेथून मागे सरकण्यास जागाच उरत नाही. ठेंगण्याची किंवा लहान मुलाची मूठ फार पुढे येते. अशांस मूठ सरकवून तोल साधता येत नाही, त्यांच्यासाठी वजन सरकविणे हाच खरा उपाय आहे. ज्याच्या हाताची मूठ व बैठक ठरली आहे, त्याच्या दृष्टीने ही सोय शेवटचा बारीक फरक भरून काढणारी आहे. ज्याची मूठच रोज निराळ्या जागी पडते, त्याने वजन सरकविणे म्हणजे चालत्या गाडीत बसून रस्त्याचा चढउतार मोजणे होय.

श्रेष्ठ खेळाडूंचा अनुभव याहून वेगळा नाही. स्कॉटलंडचे स्टीफन हेंड्री यांनी १९९० ते १९९९ या काळात स्नूकरचे विश्वविजेतेपद सात वेळा जिंकले, ते सुमारे चाळीस पौंडांच्या एका साध्या क्यूवर. २००३ साली प्रवासात तो मोडला, आणि त्यानंतर त्यांस ते पद पुन्हा मिळाले नाही. वय व प्रतिस्पर्धी यांचाही त्यात वाटा असेल. सारा दोष मोडलेल्या लाकडास देता येणार नाही. कारण उलट बाजूस इंग्लंडचे जॉन स्पेन्सर आहेत. १९७४ साली मोटारीच्या अपघातात त्यांचा जुना क्यू मोडला. तो सांधूनही पाहण्यात आला. परंतु १९७७ साली शेफील्ड येथे त्यांनी विश्वविजेतेपद मिळविले ते एका नव्या, दोन तुकड्यांच्या क्यूवर. तशा क्यूने ते पद जिंकणारे ते पहिलेच. एकास जुन्या काठीचा वियोग बाधला, दुसऱ्याने नवी काठी थोडक्या काळात आपलीशी केली. दोघांनीही सामना चालू असता तोल शोधला नाही, हे मात्र दोन्ही उदाहरणांत समान आहे.

तेव्हा ज्या घरात अशी काठी घेण्याचा विचार चालला असेल त्यांस आमचे सांगणे असे. पहिले काही महिने मुलाने दुकानातील सामाईक काठीवरच खेळावे. पण दर वेळी एकच काठी घ्यावी व आपली मूठ कोठे पडते तेथे दोरा बांधून किंवा नजरेने खूण ठेवावी. ती खूण आठवड्यामागून आठवडे एकाच जागी राहू लागली म्हणजे हात तयार झाला असे समजावे. मग ती काठी एका बोटावर आडवी ठेवून तोलाची जागा शोधावी, बुंध्यापासूनचे अंतर फूटपट्टीने मोजावे व ते लिहून ठेवावे. विकत घ्यावयाच्या काठीत प्रथम सरळपणा पाहावा. टेबलावर लोळविली असता तिचे टोक उड्या मारीत असेल तर बाकीचे सारे गुण व्यर्थ होत. नंतर चामड्याची टिकली व तिच्याखालची वसवी घट्ट आहेत की नाहीत, तुकड्यांचा सांधा खुळखुळतो की नाही, हे पाहावे. तोल बदलण्याची सोय सर्वांत शेवटी पाहावी. ती असल्यास, आरंभी वजने अशी लावावी की लिहून ठेवलेले अंतर जुळेल. मग एका वेळी एकच बदल करावा आणि त्यावर निदान पंधरा दिवस खेळून पाहिल्यावाचून दुसरा करू नये. हात अजून तयार झाला नसेल तर साधी सरळ काठी पुरे, व उरलेल्या पैशांत टेबलाचे कित्येक तास मिळतील.

वडील मंडळींस आम्ही इतकेच सुचवू की, मुलगा स्वतःची काठी मागतो यात उधळपट्टीच आहे असे समजू नये. याच देशात असा काळ होऊन गेला की, उत्तम खेळणारा मनुष्य दुसऱ्याच्या काठीने खेळे, तिला पुसून ठेवी व तिचा तोल आपल्यास मानवतो की नाही हे त्यास कोणी विचारीत नसे. आज निलंग्याच्या मुलास तो प्रश्न विचारला जात आहे, ही समाधानाची गोष्ट आहे. त्याने उत्तर मात्र खेळून द्यावे. आणि आपला तोल सापडला म्हणजे खिळा घट्ट पिळून किल्ली घरी ठेवून द्यावी.